झाडाखालचा पिवळा

यंदा हजेरीच्या यादीत पहिला ‘मोह’ मी होळीनंतरच्या सोमवारी लिहिला.

आमच्या बालाघाटच्या कारखान्यात गैरहजेरीला कारण लिहावं लागतं. ताप, लग्न, मयत, कोर्टाची तारीख ही कारणं छापील फॉर्मात आहेत. ‘मोह’ त्यात नाही, तो रकाना माझा. मार्चच्या मध्यापासून महिनाभर आसपासच्या खेड्यांतली आणि बैहरकडून आलेली निम्मी माणसं पहाटे मोहाची फुलं वेचायला जातात. फुलं पहाटेच गळतात, ऊन चढलं की सुकायला लागतात आणि त्याआधी गुरं येतात, त्यामुळे कुणी तासभर उशिरा येतं आणि कुणी येतच नाही. मी इथे शिफ्टचं नियोजन करते. कोण, कधी, कुठल्या मशीनवर, ही यादी माझी. पहिल्या वर्षी मी सगळ्यांच्या नावापुढे ‘कारण दिलं नाही’ असं लिहिलं. दुसऱ्या वर्षी शहाणी झाले आणि पट्टी घेऊन वेगळा रकाना आखला. तेव्हापासून पहिला मोह कोणत्या दिवशी आणि शेवटचा कोणत्या दिवशी, हे माझ्या वह्यांत दरवर्षी आहे. ही नोंद कशासाठी, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. हातात पट्टी असली की मी रकाना आखते, एवढंच.

तो ‘मोह’ लिहिला आणि पेन थांबलं. खिडकीतून वास आला. गोड, जड, जरा आंबूस. ऑफिसच्या पंख्याने तो टेबलभर फिरवला आणि मी सहा वर्षं मागे गेले.

आम्ही थंड पेयांचे अॅल्युमिनियमचे डबे करतो आणि छापतो. पेय दुसरीकडे भरतात. बाहेरचे लोक ‘कॅन’ म्हणतात, आम्ही डबा म्हणतो. उन्हाळा हा आमचा हंगाम. शहरांना तहान लागते तेव्हा आमचं छपाईचं मशीन पूर्ण वेगाने धावत असतं, आणि नेमकी त्याच दिवसांत आमची माणसं झाडाखाली वाकलेली असतात. या दोन हंगामांची सांगड घालण्यात माझे मार्च-एप्रिल जातात.

मी कामाशिवाय कुठे उभी राहत नाही. पण या दिवसांत छपाईच्या मशीनपाशी दोन मिनिटं थांबते. हातात वही उघडी ठेवते, म्हणजे काम चालू आहे असं दिसतं. वरच्या पट्ट्यावरून कोरे रुपेरी डबे एकामागे एक उतरतात. खाली एक चाक फिरत असतं, त्याच्या कडेला पोलादी बोटं. बोट हवा आत ओढतं आणि डबा अलगद त्यावर जाऊन बसतो. समोर त्याहून मोठं चाक, त्यावर रबराच्या गाद्या. सहा शाया आपापला वाटा गादीवर ठेवतात आणि ती गादी डब्याला एकदाच टेकते. तेवढ्या एका गिरकीत डब्यावर आंबा येतो, पान येतं, नाव येतं. मग बोट उलटी हवा फुंकतं, डबा सुटतो आणि लांबच लांब साखळीच्या पिनेवर जाऊन लटकतो. ती साखळी भट्टीत शिरते, वर चढते, खाली उतरते, पुन्हा चढते. हजारो डबे ओल्या अंगाने, एकमेकांना न शिवता, त्या गरम अंधारातून जातात आणि पलीकडे वाळून बाहेर पडतात. या साऱ्या प्रवासात माणसाचा हात कुठेच लागत नाही.

मिनिटाला हजाराच्या वर डबे जातात, त्यामुळे एकेक डबा दिसत नाही. वाहता पिवळा दिसतो. कानात बोळे घातलेले असतात, म्हणून आवाज कानाला नाही, तळपायांना कळतो. त्या पिवळ्याकडे पाहत राहिलं की तो थांबलाय आणि आपणच सरकतोय असं वाटू लागतं. काठाचा डोंगा सुटावा तशी मी सुटते. मग कुणीतरी खांद्याला हात लावून बोटाने विचारतं, तीन नंबरवर कोण? आणि मी वहीत पाहते.

हिरामणभाऊ म्हणायचा, “डबा थांबला का मंगच डबा असते, ताई. चालता डबा निस्ता रंग असते.”

हिरामणभाऊ आमचा शाईवाला. मूळचा लांजीकडचा, आता बालाघाटातच घर. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हा त्यांच्याबरोबर डबडी धरून हिंडला आणि रंग शिकला. कारखान्यात शाईची खोली त्याची. काचेच्या फरशीवर शाई टाकून पट्टीने घोटायची, कणभर तांबडं, कणभर पांढरं, आणि मग नमुन्याच्या डब्याशी ताडून पाहायचं. रोज सकाळी शिफ्ट सुरू होताना मशीनमधून पहिले चार डबे काढायचे, रंग पाहायचा आणि हिरामणभाऊने मान हलवली की वेग वाढवायचा. त्याची मान हलेपर्यंत मशीन पायी चालल्यासारखं चालायचं.

रंग पाहण्यासाठी एक राखाडी पेटी असते. तिच्यात खास नळी, दिवसाच्या उजेडासारखा उजेड देणारी. बाहेर ऊन असो की ढग, पेटीत तोच दिवस. त्या वर्षी दिवाळीत ती नळी गेली. बाहेरून मागवायची होती. मी त्याच दिवशी वहीत लिहिलं: ‘रंगपेटी, नळी.’

माझी पद्धत अशी. दर सोमवारी नवं पान. झालेल्या कामावर रेघ मारायची. न झालेलं काम पुढच्या पानावर न्यायचं आणि त्याच्यापुढे छोटा बाण काढायचा. दुसऱ्या आठवड्यात दुसरा बाण. बाण काढला की मनाला बरं वाटतं, काम विसरलो नाही असं वाटतं. नळीपुढे बाण साठत गेले. कुणाची तक्रार नव्हती, कारण हिरामणभाऊ डबे घेऊन बाहेर उजेडात जायचा आणि त्याची मान रोज वेळेवर हलायची.

थंडीत तो अंगणात मोकळ्यावर उभा राहायचा. ऊन डोळ्यावर यायला लागलं तसा गेटजवळच्या मोहाखाली सरकला. हे झाड सुकवंतीबाईच्या घरचं. ती आमच्याकडे डबे रचायच्या लाईनवर आहे, कारखान्याची भिंत बांधायच्या आधी ही जमीन तिच्या सासरची होती. जमीन गेली, झाड भिंतीच्या आत आलं. कुठल्या कागदात तसं लिहिलेलं नाही, पण त्याची फुलं तीच वेचते, दुसरं कुणी एक फूलही उचलत नाही. गावाकडे झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे काळ्या जमिनीवर पडलेलं फूल लगेच दिसतं. आमच्याकडे वार्निशचा साठा, काडी ओढायची बंदी. म्हणून सुकवंतीबाई शिफ्टच्या आधी येऊन खराट्याने अंगण असं झाडते की ऑफिसही इतकं स्वच्छ नसतं.

त्या मार्चमधल्या सकाळी अजून डोळ्यांपुढे आहेत. पाला झडून झाड उघडं झालेलं, फांद्यांच्या टोकांना झुपके, आणि टप, टप असा अगदी हलका आवाज. झाडलेल्या जमिनीवर फिकट, रसरशीत फुलं. सुकवंतीबाई टोपली घेऊन वाकलेली. शेजारी हिरामणभाऊ दोन हातांत दोन डबे धरून, मान तिरकी करून उभा. एका हातात जुना मान्य नमुना, दुसऱ्यात आजचा डबा. कधी एखादं फूल डब्यावर पडायचं, टण्ण.

सुकवंतीबाई म्हणायची, “देख भाऊ, मेरा फूल भी पास करा के जा.”

“तुहा माल फेल हाये, बाई,” तो म्हणायचा. “प्रत्येक फुलाचा रंग अलग. माह्याकडं असं चालत नाई.”

“फिर मेरा ग्राहक तेरे से अच्छा है. वो खाता है, देखता नहीं.”

मी गेटवर वेळ लिहीत असायचे. दोघांनाही रोज तंबी द्यायचे की सातला पाच मिनिटं आहेत. पण त्या पाच मिनिटांत मीही तिथेच असायचे.

एप्रिल लागला. माझ्या रकान्यातले ‘मोह’ कमी झाले. चौदा एप्रिलच्या जयंतीचा आठवडा जवळ आला आणि त्याच आठवड्यात तक्रार आली.

आंब्याच्या पेयाचे डबे घेणाऱ्या कंपनीचा माणूस नागपूरहून दोन डबे घेऊन आला. दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले, म्हणाला. एक मार्चचा, एक आठवड्यापूर्वीचा. त्याने ते साहेबांच्या टेबलावर ठेवले. एक पिवळा पिकल्या आंब्याचा होता. दुसरा हिरवट, आजारी.

साहेब मुळात बाहेरचे, बोलणं हिंदीत. माणूस वाईट नाही, उत्तर लवकर हवं असणारा. शाई तपासली, गाद्या तपासल्या, भट्टीचं तापमान तपासलं. सगळं जागेवर. उरला एक माणूस, चष्म्यातला, पन्नाशी ओलांडलेला.

“हिरामण जी, आँखें कब टेस्ट करवाई थीं?” साहेबांनी विचारलं.

हिरामणभाऊने टेबलावरच्या दोन डब्यांकडे पाहिलं. त्या खोलीत त्यालाही फरक दिसत होता, तेच वाईट होतं. “साहेब, रोज नमुन्याशी मिलवला. रोज सेम होता.”

“सेम था, या सेम दिखा?”

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

साहेबांनी ठरवलं: सोमवारपासून हिरामण डबे रचायच्या लाईनवर, शाईच्या खोलीत दुसरा माणूस. ती यादी शनिवारी संध्याकाळपर्यंत लावायची होती आणि ती लिहायची होती मला.

त्या तीन दिवसांत हिरामणभाऊ स्वतःच्या डोळ्यांची परीक्षा घेत हिंडला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला. “ताई, तुमची साडी मोरपंखी हाये ना?”

“हौ.”

“अन् काठ? जांभळा?”

“जांभळाच हाये, भाऊ. काहून विचारता?”

“असंच जी.” मग पाण्याच्या टाकीचा रंग विचारला. मग रजिस्टरच्या पुठ्ठ्याचा. सगळं बरोबर सांगत होता आणि प्रत्येक बरोबर उत्तरानंतर आणखी घाबरत होता.

त्याच्या वॉर्डात जयंतीची कमान दरवर्षी तो रंगवायचा. बाजारातला निळा त्याला चालायचा नाही, स्वतः घोटायचा. त्या वर्षी त्याने रंगाचा डबा पुतण्याच्या हातात दिला. “तू घोट. मले काही सुचून नाई राह्यलं.” हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, रस्त्यात थांबवून. ती म्हणाली, “ताई, मानूस कमानीकडं पाहूनच नाई राह्यला. तुमच्या कारखान्यात काय झालं सांगा बरं.” मी म्हटलं, होईल नीट. घरी येऊन जेवले नाही.

शनिवारी सकाळी यादीचा कागद घेऊन बसले. नाव लिहायच्या आधी सवयीने मागची पानं चाळली. खराब डबे कधीपासूनचे, हे डब्यांच्या तळावरच्या खुणेवरून कळलं होतं. त्या दिवसाचं पान काढलं. शाईचा माल बदलला का? नाही. पिवळ्या शाईचा पुरवठादार बदलला होता, पण तो फेब्रुवारीत. मार्चचे डबे त्याच शाईचे आणि ते चांगले. माणसं बदलली का? उलट, त्या दिवसापासून हजेरी पूर्ण होती. ‘मोह’चा रकाना रिकामा. आदल्या दिवशी शेवटचा मोह.

हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि डोक्यात काही शिरलं नाही. शेवटचं फूल आणि पहिला खराब डबा एकाच वेळचे. बरं, मग?

पान मिटून अंगणात गेले. सात वाजत आले होते. फुलं संपली होती तरी सुकवंतीबाई सवयीने येऊन झाडाखाली टेकली होती.

“अब क्या ढूँढती हो बाई?” मी म्हटलं.

“कुछ नहीं, ठंडा लगता है. पाला आ गया न.” तिने वर पाहिलं. “दस दिन ये लाल ही रहेगा, फिर हरा होगा. देखो न, मेरा सफेद बाल भी लाल दिखता है यहाँ.”

मी वर पाहिलं. मोहाचा नवा पाला हिरवा नसतो, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे, म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. तांब्याच्या रंगाची कोवळी पानं, पातळ, आणि त्यांच्यातून गाळून येणारं सकाळचं ऊन. सगळं अंगण तांबूस होतं. सुकवंतीबाईचे केस, जमीन, माझ्या हातातला कागद.

पळत ऑफिसात गेले. मी पळत नाही, पण तेव्हा पळाले. साहेबांच्या टेबलावरचे दोन्ही डबे घेऊन झाडाखाली आले. शेजारी धरले. जुळे होते. कुठला आंबा पिकलेला आणि कुठला आजारी, सांगता येत नव्हतं. तसेच हातात धरून दहा पावलं चालले, उघड्यावर आले आणि एक डबा माझ्या हातातच हिरवट झाला.

पुढे मला कुणी समजावून सांगितलं की दोन वेगवेगळ्या शाया एका उजेडात अगदी सारख्या दिसतात आणि दुसऱ्या उजेडात नाहीत. मार्चमध्ये झाड उघडं होतं, उजेड निखळ होता, नव्या शाईनेही हिरामणभाऊ नमुन्याला बरोबर पोचत होता. एप्रिलमध्ये पाला आला आणि त्याचा नमुना, त्याचा डबा, दोन्ही त्या तांब्यात बुडाले. त्याच्या डोळ्यांनी चूक केली नव्हती. जे समोर होतं ते खरंच सारखं होतं.

पण ते झाडाखाली का होतं? कारण पेटीत नळी नव्हती. आणि नळी का नव्हती, याचं उत्तर माझ्या वहीत एकवीस बाणांनी लिहिलेलं होतं.

ते सांगायचं नाही, असं मनात आलं का? आलं. झाडाचं सांगितलं की पुरे होतं. झाडाला मेमो देता येत नाही. साहेबांच्या दारापर्यंत जाईतो मी हेच ठरवलं होतं. मग काचेतून हिरामणभाऊ दिसला. शाईच्या खोलीतल्या पट्ट्या पुसून, कापडात गुंडाळून, नव्या माणसासाठी ओळीने ठेवत होता. रुंद, मधली, बारीक. इतक्या नीट मी माझी वहीसुद्धा ठेवत नाही.

साहेबांना आधी झाडाखाली नेलं, दोन डबे हातात दिले, दहा पावलं चालवलं. ते परत झाडाखाली गेले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला सुकवंतीबाई पदराआड हसली. “साहब, टोकरी दूँ क्या?”

मग मी वही उघडली. साहेबांनी बाण पाहिले. “ये लिस्ट तो आपकी है, कुंदा जी.”

“जी सर. लिस्ट भी मेरी, तीर भी मेरे.”

मेमो मिळाला. तो मी फायलीत लावला, तारखेनुसार. नळी आठ दिवसांत आली, म्हणजे ती कधीही आठ दिवसांत येऊ शकली असती. यादीत हिरामणभाऊचं नाव शाईच्या खोलीपुढेच राहिलं. त्याला सांगायला गेले तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं, गुंडाळलेल्या पट्ट्या पुन्हा उलगडल्या आणि एवढंच म्हणाला, “म्हन्जे साडी मोरपंखीच होती.”

सहा वर्षं झाली. पेटीतली नळी आता मी वेळेआधी बदलते. तरी मोहाच्या दिवसांत हिरामणभाऊ पेटीत रंग पाहून झाला की दोन डबे घेऊन झाडाखाली जातो. कामासाठी नाही. सुकवंतीबाईचा माल फेल करायला जातो. मीही गेटवर वेळ लिहीत उभी असते.

यंदा मात्र पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसली. पेटीत डबा पाहताना तो डबा डोळ्यांच्या जवळ नेत होता, मग लांब, मग चष्मा काढून. मान हलायला वेळ लागत होता. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाला, “ताई, जरा पाहा बरं. तुमाले काय वाटते?” आजवर त्याने डब्याच्या रंगाबद्दल कुणाला विचारलं नव्हतं. मी सांगितलं, जुळतो. त्याने मान हलवली आणि मशीनने वेग घेतला. चौथ्या-पाचव्या दिवशी मला कळलं की मान त्याची हलते आहे आणि डोळे माझे आहेत.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डाव्यात जास्त. डॉक्टरांना दाखवून आला होता आणि चिठ्ठी खिशात ठेवून फिरत होता. गोंदियाला ऑपरेशन, एका दिवसाचं काम. पण तो कुणाला सांगत नव्हता आणि का, ते मला विचारावं लागलं नाही. एकदा सगळ्या कारखान्याने त्याच्या डोळ्यांवर बोट ठेवलं होतं आणि ते खोटं निघालं होतं. आता ते खरं झालं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? “सीझन होऊ द्या, ताई. मंग पाहू.” मी वहीत लिहिलं: ‘हिरामणभाऊ, डोळा, गोंदिया.’ पुढच्या सोमवारी पुढच्या पानावर नेलं. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा.

तिसरा बाण काढताना पेनाचं टोक कागदात रुतलं. मोहाचा वास खिडकीतून येतच होता. मी तो बाण पूर्ण केला नाही. वही घेऊन तशीच झाडाखाली गेले आणि पान हिरामणभाऊपुढे धरलं.

त्याने ते डोळ्यांजवळ नेलं. बोटाने बाण मोजले. “अडीच हायेत.”

“हौ.”

“त्या टायमाले किती झाले होते?”

“एकवीस.”

“मंग काहून घाबरता? अजून साडेअठरा बाकी हायेत ना!” आणि तो स्वतःच हसला. सुकवंतीबाईही हसली, काय ते न कळता. मी हसले नाही.

“गुरुवारी गोंदिया,” मी म्हटलं. “यादी लावून टाकली भाऊ. आता खोडत नाई मी.”

“काय लिहिलं कारन?”

“डोळा.”

दोन फुलं पडली. मग तो हळू म्हणाला, “अन् रंग कोन पाह्यल?”

“मी पाह्यते. पेटीत. तुमी आल्यावर माह्या चुका काढा.”

त्याने हातातले दोन्ही डबे माझ्या हातांत दिले, जरा उशीर लावून. “पिवळ्याकडं जास्त वेळ पाहू नका, ताई. पह्यली नजर खरी. मंग डोळा लाडात येते, सगळ्याले हौ हौ म्हनते.”

गुरुवारी तो गोंदियाला गेला. शुक्रवारी सकाळी सातला मी पेटीसमोर उभी होते. चार डबे मशीनमधून काढलेले, अजून कोमट. मशीन पायी चालत होतं आणि सगळी माणसं माझ्या मानेकडे पाहत होती. नमुना डावीकडे, आजचा डबा उजवीकडे. पहिल्या नजरेला कणभर तांबडं कमी वाटलं. दुसऱ्या नजरेला वाटलं, नाही, ठीकच आहे. मी दुसरी नजर सोडून दिली आणि तांबडं घालायला सांगितलं. पुन्हा चार डबे. आता पहिल्याच नजरेला दोघे सख्खे निघाले. मी मान हलवली. वेग वाढला, तळपाय थरथरू लागले आणि तो पिवळा वाहू लागला. रजिस्टरात रंगाच्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा मी सही केली.

अकराच्या सुमारास फोन आला. हिरामणभाऊचा. डोळ्यावरची पट्टी सकाळीच काढली होती.

“ताई, पिवळा बरोबर गेला ना?”

“गेला. तांबडं घालाव लागलं जरा.”

“घालाव लागतेच.” मग म्हणाला, “ताई, इथं खिडकी हाये. आभाळ दिसून राह्यलं. इतकं निळं राह्यते का हे? म्या त् विसरूनच गेलतो. दोन-तीन वर्सं कमानीले जो निळा देऊन राह्यलो होतो ना, तो मळका होता वाटते. कोनं मले सांगितलं नाई. सगळे हौ हौ म्हनत राह्यले.”

“कोनाले नाई दिसला, भाऊ.”

“मले दिसला ना आता. जयंतीले आठ दिवस हायेत. सुट्टी लिहून ठेवा. यंदाची कमान मीच रंगवतो.”

मी वही उघडली. त्याच्या जुन्या ओळीवर रेघ मारली, त्या अर्ध्या बाणावरूनही. खाली नवी ओळ घेतली: हिरामण, दोन दिवस. कारणाचा रकाना होता. छापील फॉर्मात बसेल असं कारण आठवून पाहिलं आणि मग लिहिलं, ‘निळा’.